मुलाला मुलाचा आधार



रविवारची उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात चहा घेताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "गुरुजी, अजून जाता का त्या पोरांच्या तुरुंगात?" विचारणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते, म्हणून मी नुसते "जातो" म्हणतो. पण तो तुरुंग नव्हे. तिथे गेल्या सहा वर्षांत दर मंगळवारी जाऊन जे पाहिले, त्यातली एक गोष्ट या पत्रकातून नीट सांगावी असे बरेच दिवस मनात होते. तिथल्या मुलाला सावरण्याचे पुष्कळसे काम आम्ही मोठी माणसे करतच नाही. ते दुसरी मुले करतात. आम्ही कधी त्यांना वाट करून देतो, तर कधी चांगल्या हेतूने त्यांची वाट बंद करून टाकतो. मी स्वतः एकदा तसे केले आहे. तेही सांगतो.

आधी ही जागा कोणती ते सांगायला हवे. १८ वर्षांखालच्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आला, तर त्याचे पुढचे सगळे २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे चालते. कायदा त्याला गुन्हेगार म्हणत नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. शब्द बोजड आहे, पण त्यामागचा विचार चांगला आहे. अशा मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्या दोघांत एक तरी स्त्री असावी लागते. मंडळाने उंच चौथऱ्यावर बसायचे नाही, समोर साक्षीदाराचा पिंजरा ठेवायचा नाही, असेही नियमात आहे. मुलाला जामिनावर घरी सोडणे हाच नियम आहे. सोडल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या हाती लागेल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल असे वाटले, तरच त्याला निरीक्षणगृहात ठेवतात. चौकशी चार महिन्यांत पुरी व्हावी, फार तर आणखी दोन महिने मिळावेत, अशी अपेक्षा आहे.

हे झाले कागदावरचे. आपल्या भागातल्या आदिवासी मुलांच्या बाबतीत एक अडचण मी वारंवार पाहतो. जामीन मंजूर होतो, पण मुलाला ताब्यात घ्यायला कोणी येत नाही. आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत असतात. मुकादमाचा फोन लागत नाही. घरी आजी असते, तिला जिल्ह्याच्या गावी एकटीने येणे जमत नाही, आणि आलीच तर तिच्या अंगठ्याजवळ लावायला लागणारे कागद तिच्याकडे नसतात. मग मुलगा थांबतो. मोटारसायकलवर मागे बसलेला मुलगा चार महिने थांबतो.

या लेखात मी कोणत्याही मुलाचे नाव, गाव, शाळा लिहिणार नाही, आणि निरीक्षणगृह कोणते तेही सांगणार नाही. कायद्याच्या ७४ व्या कलमाने तशी ओळख उघड करायला मनाई आहे, अगदी आपल्यासारख्या छोट्या पत्रकालाही. कायदा नसता तरी मी लिहिले नसते.

तर गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर पंधरा वर्षांचा एक भिल्ल मुलगा तिथे आला. मोटारसायकल चोरीच्या प्रकरणात तो मोठ्या माणसांबरोबर सापडला होता. आपल्याला फक्त गाडी ढकलायला नेले होते असे तो नंतर म्हणाला. त्यातले खरेखोटे ठरवणे मंडळाचे काम, माझे नव्हे. मराठी त्याला कळत होती थोडी, बोलता येत नव्हती. शाळा चौथीनंतर सुटलेली. आल्यापासून तो जेवत नव्हता. रुसून ताट ढकलत होता असेही नाही. सगळ्यांबरोबर हात धुऊन पंगतीला बसायचा, दोन घास खायचा, ताट अर्धे तसेच ठेवून उठायचा. चौथ्या दिवशी त्याला चक्कर आली. काळजीवाहक म्हणाले, नाटक करतो. समुपदेशक बाई म्हणाल्या, घरची आठवण येत असेल, वेळ द्यावा लागेल. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितले. मी तीस वर्षे आश्रमशाळेत शिकवले, भिली येते असा माझा समज आहे, म्हणून मीही प्रयत्न केला. पण भिली डोंगरागणिक बदलते, आणि माझी भिली ऐकून त्याने मान खाली घातली ती वर केली नाही.

तिथे सतरा वर्षांचा आणखी एक मुलगा पाच महिन्यांपासून होता. शेजारच्या तालुक्यातला. त्याचे प्रकरण गंभीर होते, त्यामुळे त्याला लवकर सुटका दिसत नव्हती. तोंडाने कमी बोलणारा, आमच्या कुठल्याच कार्यक्रमात पुढे न येणारा. हा मोठा मुलगा एके दिवशी आपले ताट घेऊन धाकट्याच्या शेजारी जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. तिसऱ्या दिवशी धाकट्याने ताट पुसून खाल्ले.

काय झाले होते ते मला मोठ्याकडून कळले. धाकट्याचे आई-बाप दरवर्षी मुकादमाकडून उचल घेतात. पावसाळ्यात घेतलेली उचल हिवाळाभर ऊस तोडून फेडायची. मधल्या काळात घेतलेले धान्य, औषध, पोराचा खर्च सगळे मुकादमाच्या वहीत चढते आणि हिशेबाच्या दिवशी फिटतच नाही. निरीक्षणगृहात जेवणाच्या वेळी काळजीवाहक हातात वही घेऊन हजेरी घेतात. मुलाने ती वही पाहिली आणि त्याला वाटले, आपण जेवतो ते आपल्या बापाच्या नावावर चढते आहे. म्हणून तो जितके कमी खाता येईल तितके खात होता.

मोठ्याने त्याला एवढेच सांगितले होते : "इथे खाते नाही. मी पाच महिने खातोय, माझ्या बापाला कोणी विचारले नाही."

वाचकहो, मी हे वाक्य बऱ्याचदा आठवतो. आम्ही चार शिकलेली माणसे त्या मुलाभोवती फिरत होतो. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ही शंका आली नसती, कारण आमच्यापैकी कोणाचेही घर उचलीवर चाललेले नाही. आणि समजा आली असती, मी त्याला सांगितले असते की बाळा, जेवण सरकारचे आहे, तर त्याने माझ्यावर विश्वास का ठेवावा? मुकादमही पहिल्या दिवशी असेच गोड बोलतो. मोठ्या मुलाकडे पुरावा होता. तो स्वतःच पुरावा होता.

या मुलांना एकमेकांकडून मिळणारा आधार म्हणजे काय, ते मला तिथून समजू लागले. पुढच्या दोन महिन्यांत मी डोळे उघडे ठेवले. मंडळाच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी मोठ्याने तीन उशा ओळीने मांडल्या : ही मधली साहेबांची, या बाजूच्या दोन समाजकार्यकर्त्यांच्या. "इथे उभे राहा. ते नाव विचारतील. घाबरू नको, पाणी मागितले तर देतात. वकील आपला असतो, त्याला पैसे द्यायचे नसतात." विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलाला मोफत वकील मिळतो, हे आम्ही भिंतीवर फलकात लिहून ठेवले आहे. पण फलक वाचता येणारे तिथे निम्मे, आणि वाचून विश्वास ठेवणारे त्याहून कमी.

आणि रात्री. दिवसा तिथे शाळा असते, शिलाईचा वर्ग असतो, व्हॉलीबॉल असतो, आमच्यासारखे येणारे-जाणारे असतात. रात्री नऊनंतर एक काळजीवाहक आणि दारावरचा पहारेकरी. मुले सांगतात, खरे कठीण तेव्हाच असते. धाकटा झोपेत "याहा, याहा" करून आईला हाका मारायचा. इतर मुले आधी हसली. मोठा त्याच्या शेजारच्या गादीवर जाऊन झोपू लागला, आणि झोप येत नसली की ते दोघे काठीच्या होळीच्या गोष्टी करायचे : कुठल्या पाड्याचा ढोल मोठा, बावा-बुध्या कोणी कोणी धरला होता, घुंगरू किती बांधले होते. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. रात्रभर नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. परक्या गावात, कुलपाच्या आत, त्या पहाटेपर्यंत पोचणे हे त्यांचे झोपेचे औषध होते.

आता माझ्या चुकीकडे येतो.

हे सारे पाहून मी इतका भारावलो की मला ते 'राबवावेसे' वाटले. शिक्षकाची खोड. मी अधीक्षकांना योजना सुचवली : प्रत्येक खोलीत एक मोठा मुलगा 'दादा' म्हणून नेमायचा, त्याने नव्या मुलाला सगळे समजावून सांगायचे, जेवणाची रांग लावायची, रात्री गिनती करायची. त्याला छातीवर लावायला एक बिल्लाही द्यायचा. मुले निवडली मीच, उंच, चुणचुणीत, चार लोकांसमोर बोलणारी. आमच्या शांत मोठ्या मुलाचे नाव मी घेतलेच नाही, कारण तो पुढे होऊन बोलत नसे.

दीड महिन्याने समुपदेशक बाईंना एका अकरा वर्षांच्या मुलाने सांगितले की रोज रात्री दादाचे पाय दाबावे लागतात. मग हळूहळू बाकीचे बाहेर आले. रविवारी मिळणारी बिस्किटे दादांकडे जात होती. आंघोळीचे गरम पाणी आधी दादांच्या मर्जीतल्यांना मिळत होते. एकाला मारही बसला होता. इतके दिवस कोणी बोलले का नाही? कारण तक्रारीचे रजिस्टरही आम्ही दादांच्याच ताब्यात दिले होते. त्या अकरा वर्षांच्या मुलाची मी माफी मागितली. त्याने "चालेल" म्हटले, पण त्यानंतर कितीतरी मंगळवार तो माझ्या गोलात बसायला आला नाही.

बिल्ले गोळा केले. पण प्रश्न राहिलाच : एका मुलाने दुसऱ्याला ताटाशी बसवले आणि दुसऱ्या मुलाने तिसऱ्याकडून पाय दाबून घेतले, यात फरक कुठे पडला? मी त्यावर वाचू लागलो, आणि असे दिसले की या वाटेवर माझ्याआधी पुष्कळ जण ठेचकाळले आहेत.

अमेरिकेत टॉमस डिशन, जोन मॅकॉर्ड आणि फ्रान्स्वा पुलाँ या तीन अभ्यासकांनी १९९९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. वाट चुकलेल्या मुलांना सुधारण्यासाठी एकत्र आणले की काही वेळा ती आणखी बिघडतात, असे त्यांनी दाखवले. एक मुलगा नियम मोडल्याची फुशारकी मारतो, बाकीचे हसून दाद देतात. ती दाद म्हणजेच शिकवणी होते. त्यात मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ साली सुरू झालेल्या एका मोठ्या कामाचा दाखला आहे. मुलांना समुपदेशक दिले, शिकवणी दिली, उन्हाळी शिबिरांना पाठवले. तीस वर्षांनी तपासले तेव्हा मदत मिळालेल्या मुलांची अवस्था न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली, आणि त्यातही एकाहून अधिक वेळा शिबिराला गेलेल्या मुलांची सर्वांत वाईट. शिबिरात देखरेख कमी आणि फुशारक्यांना वेळ भरपूर, हे त्याचे कारण असावे असा अभ्यासकांचा तर्क होता. आपल्या मंडळीत दरवर्षी मे महिन्यात तरुणांचे शिबिर भरवणाऱ्यांनी हे वाचून घाबरून जाऊ नये. पण रात्री दिवे मालवल्यावर कोण कोणाला काय सांगते आहे, याची चौकशी जरूर ठेवावी.

दुसऱ्या बाजूला ब्रिटनमधले एक उदाहरण आहे. वेल्समधल्या स्वान्सी तुरुंगात १९९० साली एका पंधरा वर्षांच्या मुलाने जीव दिला. त्याला ठेवले होते मोठ्यांच्या तुरुंगात. त्या धक्क्यानंतर १९९१ साली तिथे एक पद्धत सुरू झाली. 'समॅरिटन्स' नावाची संस्था दुःखात असलेल्यांचे ऐकून घेण्याचे काम करते. लंडनमधले पाळक चॅड वारा यांनी १९५३ साली आपल्या चर्चमधून ती सुरू केली होती. तिचे स्वयंसेवक कैद्यांमधूनच काही जणांना निवडू लागले आणि तयार करू लागले. त्यांना नाव दिले 'लिसनर', म्हणजे ऐकणारा. रात्री-अपरात्री कोणाला असह्य झाले तर तो ऐकणाऱ्याला बोलावू शकतो. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, उपदेश करायचा नाही. ऐकायचे. आणि ऐकणाऱ्याच्या मनावर जो भार येतो, तो उतरवायला बाहेरचे स्वयंसेवक नियमित येतात. ही पद्धत ब्रिटनच्या इतर तुरुंगांतही गेली आणि आजही चालू आहे. ती मोठ्या कैद्यांसाठी आहे, पण तिचे मूळ एका मुलाच्या मरणात आहे.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली तेव्हा माझी चूक मला दिसली. मी मुलांना एकमेकांचे ऐकायला लावले नव्हते, एकमेकांवर अधिकार दिला होता. रांग, गिनती, रजिस्टर ही कामे पगारी माणसांची. ती मुलाच्या हातात दिली की तो मुकादम होतो. आणि नेमलेल्या मुलाच्या पाठीशी कोणी मोठे माणूस बसायला हवे होते, तिथे मी बिल्ला देऊन घरी निघून आलो होतो.

गंमत म्हणजे यासाठी नवीन काही शोधायची गरजच नव्हती. आपल्या देशाच्या २०१६ च्या बाल न्याय नियमांत प्रत्येक संस्थेत बालसमित्या असाव्यात असे म्हटले आहे : ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ अशा वयोगटांच्या वेगवेगळ्या, आणि सभासद फक्त मुले. त्यांची कामे वाचण्यासारखी आहेत. रोजचा दिनक्रम आणि जेवण ठरवण्यात भाग घेणे, संस्थेची काळजी घेण्याची पद्धत कशी चालली आहे ते पाहणे, अडचणीच्या वेळी एकमेकांना आधार देणे, आणि सोबतच्या मुलांकडून किंवा मोठ्यांकडून छळ होत असेल तर कळवणे. आधार आणि तक्रार शेजारी-शेजारी लिहिली आहेत. नियम करणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होते म्हणायचे. बऱ्याच ठिकाणी ही समिती पाहुणे येतात त्या दिवशीपुरती असते, हेही खरे आहे.

आम्ही त्या नियमाच्या आधाराने पुन्हा सुरुवात केली, या वेळी हळू. मंगळवारी दुपारी सहा-सात मुले गोल करून बसतात. समुपदेशक बाई किंवा मी त्यात असतोच, पण बोलायला सुरुवात मुलाने करायची. काही गोष्टी मुलांनीच ठरवल्या. 'कशात आलास' हे विचारायचे नाही. याने दोन कामे होतात. चौकशी चालू असलेल्या मुलाच्या तोंडून नको ते निघत नाही, आणि फुशारकीला जागा मिळत नाही. मदत केल्याबद्दल काही घ्यायचे नाही, बिस्कीटसुद्धा. आणि कोणी स्वतःच्या जिवाचे बरेवाईट बोलला, किंवा मार बसल्याचे सांगितले, तर ते पोटात ठेवायचे नाही. त्याच रात्री बाईंना किंवा काळजीवाहकांना सांगायचे. या शेवटच्या गोष्टीवर वाद झाला. एक जण म्हणाला, मग तो आमच्याशी बोलणारच नाही. आमचा शांत मोठा मुलगा तेव्हा बोलला. त्याने सांगितले, मी आधीच बोलून टाकतो : हे ऐकले तर मी सांगणार, बाकी काही सांगणार नाही. तरीही मुले त्याच्याशी बोलत. आता तक्रारीची पेटी दाराबाहेर आहे आणि तिची किल्ली तिथल्या कोणाकडेच नाही. ती बाहेरून येणाऱ्या सदस्यांसमोर उघडते.

नव्या आलेल्या मुलाशेजारी पहिले तीन दिवस कोणी जेवायला बसायचे, ते त्याच्या बोलीवरून ठरवतो. कायद्याप्रमाणे निरीक्षणगृहात मुलांना वयानुसार वेगळे ठेवावे लागते, आरोपाचे स्वरूपही पाहावे लागते. तेव्हा कोणालाही कोणाजवळ बसवता येत नाही, आणि दार उघडे, दिवा चालू, काळजीवाहकांच्या नजरेसमोर, हे पाळावेच लागते. कधी त्या बोलीचा मुलगाच नसतो. तेव्हा आम्ही अडतो.

सगळ्यात कच्चा दुवा मात्र आत नाही, बाहेर आहे. होळीच्या आठ दिवस आधी धाकट्याचे आई-बाप ऊसतोडीवरून परत आले, तारखेला उभे राहिले आणि मुलगा जामिनावर सुटला. जाताना त्याच्याकडून आणि बापाकडून हमी लिहून घेतली गेली. त्यात वाईट संगतीपासून दूर राहण्याचे वचन असते. ते योग्यच आहे. पण त्या मुलाच्या आयुष्यात त्या वेळी सगळ्यात चांगली संगत जी होती, ती निरीक्षणगृहातली होती. कागदाच्या भाषेत तीच वाईट.

पाड्यावर परतल्यावर त्याला 'चोर' म्हणू लागले. बापाने त्याला पुन्हा शाळेत घालायचे ठरवले. ज्या शाळेत विचारले तिथे जागा नाही म्हणून सांगितले, आणि जागा होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. खरे तर कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे अशा प्रकरणाचा ठपका मुलाच्या पुढच्या आयुष्यावर राहता कामा नये, मुदतीनंतर कागदपत्रेही नष्ट करायची असतात. (सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी मोठ्यांप्रमाणे खटला चालला तर गोष्ट वेगळी.) परिविक्षा अधिकारी स्वतः शाळेत जाऊन बोलले, तेव्हा दुसऱ्या एका शाळेत त्याची सोय झाली. त्यात जून उजाडला. ते तीन महिने तो गुरे राखत होता, कोणाशी बोलत नव्हता, असे आई म्हणाली.

दरम्यान मोठ्याच्या प्रकरणाचाही निकाल झाला. मंडळाने त्याला दोन वर्षे परिविक्षेवर, म्हणजे अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, घरी पाठवले. तोवर तो अठरा पूर्ण झाला होता. पावसाळ्याच्या तोंडाला त्याने मला फोन केला आणि सरळ विचारले : "गुरुजी, त्याच्याकडे गेलो तर मला परत आत टाकतील का?"

मला उत्तर माहीत नव्हते. पूर्वीचा मी असतो तर 'जा रे, कोण बघते' म्हणालो असतो. बिल्ल्यांच्या प्रकरणाने मला जरा शहाणे केले होते. मी त्याला थांबायला सांगितले आणि परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटलो. ते बराच वेळ गप्प बसले. एकाची चौकशी चालू, दुसरा देखरेखीखाली. उद्या काही घडले तर जबाबदारी त्यांची. मग त्यांनी मार्ग काढला : दोघे बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी भेटतील, धाकट्याचा बाप सोबत असेल, आणि मी असेन. मंडळालाही त्यांनी तसे कळवले.

भेट झाली एका चहाच्या टपरीवर. दोघांनी मिळून तासाभरात दहा वाक्येही बोलली नसतील. मोठ्याने धाकट्याला विचारले की शाळेत जेवण कसे आहे. धाकटा म्हणाला, भाजीत पाणी असते. बापाने मोठ्याला भजी घेऊन दिली आणि तो नको म्हणाला तरी दुसरी थाळी मागवली. त्यानंतर त्या दोघांची आणखी चार वेळा भेट झाली आहे. धाकटा शाळेत टिकला आहे. परीक्षेत फार दिवे लावलेले नाहीत. त्याचे प्रकरण संपले. मोठा गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये लागला, मध्ये दोन महिने काम सोडून घरी बसला होता, आता पुन्हा जातो. महिन्यातून एकदा अधीक्षकांच्या परवानगीने तो आमच्या गोलात येऊन बसतो. बिल्ला लावत नाही. आला की आधी जेवणघरात डोकावतो.

आता आपल्याकडून काय हवे ते सांगतो, कारण या पत्रकाचे वाचक ते विचारतातच. नाताळात मिठाईची पाकिटे घेऊन पन्नास जण यावेत आणि मुलांबरोबर फोटो काढावेत, हे नको. फोटो तर कायद्यानेच चालत नाही. हवी आहेत ती भिली, पावरी किंवा कोकणी बोली घरात बोलणारी दोन-तीन माणसे, ज्यांना महिन्यातून दोन मंगळवार दुपारचे तीन तास देता येतील, आणि निदान वर्षभर देता येतील. मध्येच सोडून जाणाऱ्यांचा मुलांना आधीच पुष्कळ अनुभव आहे. तारखेला येणाऱ्या आई-बापांचे, आजीचे बसभाडे आणि बुडालेली मजुरी यासाठी थोडा निधी लागतो. तो देणाऱ्यांनी पाकिटावर 'तारीख' असे लिहावे, म्हणजे हिशेब वेगळा ठेवता येतो. आणि आपल्यापैकी कोणाचे गॅरेज, दुकान, वीटभट्टी असेल, तर सुटून आलेल्या मुलाला कामावर घेताना त्याच्या जुन्या प्रकरणाची चौकशी करू नये. त्याला नेमून दिलेल्या अधिकाऱ्यांना भेटता यावे म्हणून महिन्यातला एक दिवस तेवढा मोकळा ठेवावा.

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी उपासनेनंतर मी चहाच्या टेबलाजवळ थांबेन. ज्यांना मंगळवारी यायचे आहे त्यांनी आधार कार्डाची प्रत आणावी. परवानगीला साधारण तीन आठवडे लागतात.